‘फ्री’ म्हणजे नेमकं कशापासून फ्री? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी एका इंग्रजी विशेषणाची वाट

लातूर, बीड, जळगाव, सोलापूरहून पुण्यात आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींना इंग्रजी शब्द येत नाहीत, हा एक गैरसमज आहे. शब्द येतात. त्यातले कितीतरी तर मराठीतच मुक्कामाला आलेले असतात आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. मराठीत आल्यावर शब्द आपल्या सवयी बदलतो आणि आपण त्याच बदललेल्या सवयी घेऊन परत इंग्रजीत बोलायला जातो.

‘फ्री’ या बाबतीत सगळ्यात फसवा. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या, म्हणजे अख्ख्या खोलीऐवजी एका खाटेपुरतं भाडं घेणाऱ्या जागेच्या, जाहिरातीत तो ‘फ्री वायफाय’ म्हणून भेटतो, सिग्नलला ‘फ्री लेफ्ट’ म्हणून, तुळशीबागेत ‘फ्री साइझ’ म्हणून आणि हिंजवडीत नोकरी लागली की पहिल्याच मेलमध्ये ‘फील फ्री’ म्हणून. चारही ठिकाणी अर्थ निराळा. एवढा एक शब्द नीट हाताळता आला, तर इंग्रजी विशेषणांची निम्मी भीती जाते, असं माझं मत आहे. तेव्हा पायरीपायरीने जाऊ.

पायरी 1: अर्थ पाठ करू नका, ‘कशापासून?’ असं विचारा

शब्दकोशात ‘फ्री’समोर स्वतंत्र, मुक्त, मोकळा, रिकामा, मोफत, निःशुल्क, फुकट अशी रांग दिसते. ती पाठ करण्यात अर्थ नाही. या सगळ्या अर्थांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे: काहीतरी नाही. कसलं तरी बंधन, ओझं, अडथळा किंवा कुणाचा तरी ताबा नाही. काय नाही ते शोधलं, की मराठी शब्द आपोआप जिभेवर येतो.

पैसे द्यावे लागत नाहीत, तर मोफत. हाताशी काम नाही, तर मोकळा. खुर्चीवर कुणी बसलेलं नाही, तर रिकामी. परक्याची सत्ता नाही, तर स्वतंत्र. साखर नाही, तर बिनसाखरेचा.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच पटेल. एकदिवसीय आणि टी-20 सामन्यांत नो बॉलनंतरचा चेंडू ‘फ्री हिट’ असतो. तो कशापासून फ्री? बाद होण्याच्या धास्तीपासून. पण पूर्ण सुटका तिथेही नाही, फलंदाज धावबाद होऊ शकतो. म्हणजे ‘कशापासून?’ इतकंच ‘किती?’ हेही विचारायला हवं. सिग्नलच्या ‘फ्री लेफ्ट’चं तसंच. जिथे तशी पाटी आहे तिथे डावीकडे वळणारा लाल दिव्यापासून फ्री असतो, झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेल्या आजोबांपासून नव्हे. पुण्यात हा फरक इंग्रजीच्या तासाला नाही तर चौकात शिकवायला हवा, पण तो विषय वेगळा.

जाता जाता एक गंमत. इंग्रजी ‘फ्री’ आणि आपला ‘प्रिय’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत. मूळचा ‘प’ जर्मन कुळातल्या भाषांमध्ये ‘फ’ झाला. पितृ आणि फादर, पाद आणि फूट या जोड्या पाहा. प्रिय आणि फ्री ही तशीच जोडी. जिव्हाळ्याची, आपल्या घरातली माणसं ती ‘फ्री’, आणि घरात राबणारे गुलाम त्यात नाहीत. अशा वापरातून ‘गुलाम नसलेला’ हा अर्थ पक्का झाला. ‘फ्रेंड’सुद्धा याच मुळाचा. ‘पैसे न लागणारा’ हा अर्थ पुष्कळ नंतरचा, आणि आज आपल्याला तोच आधी आठवतो.

पायरी 2: उच्चार

इथे फार वेळ नको. मराठीत फणस म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. इंग्रजी ‘फ्री’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकतात आणि हवा घासत बाहेर जाते. ‘री’ लांब ठेवा, ‘फिरी’ होऊ देऊ नका. ‘फी’ आणि ‘फ्री’ यांत एका ‘र’चा फरक आहे आणि अर्थ थेट उलटा होतो, क्लासच्या काउंटरवर चौकशी करताना हा ‘र’ गिळू नये. सरावाला एक वाक्य पुरे: ‘आय अ‍ॅम फ्री अ‍ॅट थ्री.’ ‘थ्री’ला जीभ दातांना, ‘फ्री’ला ओठ दातांना. आरशासमोर म्हणा, रूममेट हसले तरी म्हणा.

पायरी 3: शब्द नामाच्या आधी आहे की नंतर, ते बघा

ही पायरी बहुतेक क्लासेसमध्ये गाळतात, आणि रोजचा सगळा घोटाळा इथेच होतो.

समजा तुम्ही फर्ग्युसन रस्त्यावर एका हॉटेलबाहेर गाडी घेऊन उभे आहात आणि वॉचमनला विचारता, ‘इज द पार्किंग फ्री?’ याचे दोन अर्थ निघतात. पार्किंगला पैसे लागत नाहीत ना? किंवा, पार्किंगमध्ये जागा आहे का? तो ‘येस’ म्हणाला, तर नक्की कशाला ‘येस’ म्हणाला ते तुम्हाला कळत नाही. बाहेर निघताना हातात पावती पडली, की कळतं.

मराठीत हा प्रश्नच येत नाही, कारण आपण ‘पार्किंग फुकट आहे का?’ आणि ‘जागा आहे का?’ असं वेगवेगळं विचारतो. इंग्रजीत ते काम शब्दाची जागा करते. ‘फ्री पार्किंग’ असं विशेषण आधी आलं, की बहुधा पैशांबद्दल. ‘अ स्पेस फ्री’ असं नामानंतर आलं, की रिकामेपणाबद्दल. ‘डू यू हॅव फ्री टिकिट्स?’ म्हणजे तुम्ही पास मागताय. ‘डू यू हॅव एनी टिकिट्स लेफ्ट?’ म्हणजे तिकिटं शिल्लक आहेत का. बालगंधर्व रंगमंदिराच्या तिकीट खिडकीवर पहिलं वाक्य बोललात, तर मिळणारं उत्तर कुठल्याच भाषेत गोड नसेल.

बसमध्ये किंवा मेट्रोत शेजारची जागा विचारायची असेल तर ‘इज धिस सीट फ्री?’ अगदी बरोबर आहे; तिथे सीटचे वेगळे पैसे नसल्यामुळे गैरसमज होत नाही. ‘इज धिस सीट टेकन?’ असंही विचारतात, फक्त तिथे ‘नो’ हे उत्तर तुमच्या फायद्याचं असतं, हे लक्षात ठेवा. हॉटेलात ‘अ फ्री टेबल’ म्हटलं तर कुणी टेबल फुकट नेणार नाही, हे सगळ्यांना कळतं. म्हणजे हा नियम दगडावरची रेघ नाही. जिथे पैशांचा संबंध येऊ शकतो, तिथेच जपून बोलायचं. आणि शंका असेल तिथे ‘फ्री’ सोडून द्या. पैशांसाठी ‘डू आय हॅव टु पे?’, जागेसाठी ‘इज देअर एनी स्पेस?’ सरळ, साधं.

पायरी 4: ‘फुकट’ आणि ‘मोकळा’ यांना फ्रीच्या गळ्यात बांधू नका

आपला ‘फुकट’ हा इंग्रजी ‘फ्री’पेक्षा कितीतरी कडवट शब्द आहे. ‘वही फुकट मिळाली’ इथपर्यंत दोघे सोबत चालतात. पण ‘माझी मेहनत फुकट गेली’ म्हणजे वाया गेली. याला ‘माय हार्ड वर्क वेंट फ्री’ म्हणता येणार नाही. ‘इट वॉज ऑल फॉर नथिंग’ किंवा ‘इट वेंट टु वेस्ट’. ‘फुकट बोलणी खाल्ली’ यातला फुकट म्हणजे विनाकारण, तिथे ‘फॉर नो रीझन’. ‘फुकट्या’ला ‘फ्रीलोडर’ हा शब्द आहे, तेवढा मात्र चपखल बसतो. एकच कॉट घेऊन तिच्यावर आळीपाळीने झोपणारे मित्र कुणाकुणाला या यादीत घालतील, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

‘मोकळा’ही तसाच पसरलेला शब्द. मोकळा वेळ म्हणजे ‘फ्री टाइम’, ठीक. पण मोकळी हवा म्हणजे ‘फ्रेश एअर’, मोकळं मैदान म्हणजे ‘ओपन ग्राउंड’, रस्ता मोकळा आहे म्हणजे ‘द रोड इज क्लिअर’, केस मोकळे सोडले म्हणजे ‘शी वोअर हर हेअर डाउन’. यांत कुठेही ‘फ्री’ नाही. ‘मुक्त’बद्दलही सावध राहा: नाशिकचं मुक्त विद्यापीठ इंग्रजीत ‘ओपन युनिव्हर्सिटी’ आहे. तिथे प्रवेशाची दारं उघडी आहेत, फी माफ नाही.

आणि ‘रिकामा’? मराठीत थोरामोठ्यांना आपण ‘रिकामे आहात का?’ असं विचारत नाही, कारण ‘रिकामटेकडा’ लगेच मागून डोकावतो. ‘काका, वेळ आहे का जरा?’ असं विचारतो. हे तारतम्य पुढच्या पायरीला कामी येतं.

पायरी 5: ऑफिसातलं ‘फ्री’

पुण्यात पहिली नोकरी लागलेल्यांनी ही पायरी दोनदा वाचावी.

बरोबरीच्या सहकाऱ्याने चॅटवर ‘आर यू फ्री?’ विचारलं, तर नुसतं ‘येस’ लिहू नका. ‘येस’ म्हणजे कोरा चेक. ‘आय अ‍ॅम फ्री टिल फोर थर्टी’ असं लिहिलं की तुमची मर्यादा त्याला कळते. तुम्हाला स्वतःला विचारायचं असेल तर बरोबरीच्याला ‘आर यू फ्री फॉर अ कॉल?’ चालतं. साहेबांना किंवा मॅडमना मात्र ‘डू यू हॅव अ फ्यू मिनिट्स?’ विचारा. ‘आर यू फ्री?’ यात उद्धटपणा नाही, पण ‘वेळ आहे का?’ आणि ‘रिकामे आहात का?’ यांत जो फरक आपल्या कानाला जाणवतो, त्याची थोडी छटा तिथेही आहे.

काम संपल्यावर मीटिंगमध्ये ‘आय अ‍ॅम फ्री नाउ’ असं जाहीर करणारे नवखे हमखास भेटतात. त्यांना म्हणायचं असतं, दिलेलं काम पूर्ण झालं. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, याला काम नाही. ‘आय हॅव फिनिश्ड धिस, आय कॅन टेक अप समथिंग एल्स’ म्हणा. आयटीत प्रकल्पाविना बसलेल्याला ‘बेंचवर आहे’ म्हणतात; ती अवस्था वेगळी, तिला ‘फ्री’ म्हणू नये आणि बेंचवरचं कुणी ती फारशी ‘फ्री’ मानतही नाही.

‘सर खूप फ्री आहेत’ हे आपलं मराठी वाक्य. म्हणजे सर मनमोकळे आहेत, त्यांच्याशी बोलताना दडपण येत नाही. ते इंग्रजीत ‘सर इज व्हेरी फ्री’ असं गेलं, की सरांना कामधंदा नाही असा अर्थ होतो. ‘ही इज ईझी टु टॉक टु’ म्हणा. ‘मला तिथे फ्री वाटलं नाही’ याला ‘आय डिडन्ट फील कम्फर्टेबल देअर’. ‘बी फ्री विथ मी’ हे तर टाळाच, त्याला नको ती छटा येऊ शकते. ‘फ्री विथ’चा रूढ वापर वेगळा आहे: ‘ही इज फ्री विथ हिज अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे न मागता सल्ले वाटत सुटतो. पेठांत अशी माणसं शोधावी लागत नाहीत.

आता ‘फील फ्री’. एचआरच्या मेलच्या तळाशी हे असतंच: काही शंका असेल तर ‘फील फ्री टु आस्क’. इथे ‘फील’चा भावनेशी काही संबंध नाही. खुशाल विचारा, निःसंकोच विचारा, एवढंच. मात्र ही परवानगी आहे, आणि परवानगी ज्याच्या हातात काही असतं त्यानेच द्यायची असते. ‘फील फ्री टु कॉल मी’ तुम्ही म्हणू शकता, कारण फोन तुमचा. ‘फील फ्री टु अप्रूव्ह माय लीव्ह’ असं मॅनेजरला लिहिलंत, तर रजा मंजूर करायची परवानगी तुम्हीच त्यांना देताय असं दिसेल. तिथे ‘कुड यू प्लीज’ला पर्याय नाही.

पायरी 6: शेपटीला आलेला ‘फ्री’

नामाला जोडून मागे ‘फ्री’ आला, की ‘ते नसलेलं’ असा अर्थ. शुगर-फ्री, टोल-फ्री, ड्युटी-फ्री, रेंट-फ्री. पैशांशी संबंध असेलच असं नाही. ‘शुगर-फ्री बिस्किट’ फुकट नसतं, उलट महागच असतं. त्यातही पाकिटावरची अक्षरं नीट वाचा. भारतातल्या नियमांप्रमाणे 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच ‘शुगर-फ्री’ म्हणता येतं. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली नाही, मुळातली असू शकते. आणि दोन्हींत मैदा-तूप किती आहे याबद्दल हे शब्द काहीच बोलत नाहीत. आजोबांना मधुमेह असेल तर हा इंग्रजीचा धडा घरी समजावून सांगण्यासारखा आहे.

टोल-फ्री नंबर 1800ने सुरू होतो. तिथे ‘टोल’ म्हणजे फोन करण्याचे पैसे, एक्सप्रेसवेवरचा टोलनाका नव्हे. घर शोधताना ‘पेट-फ्री सोसायटी’ असं वाचलंत, तर कुत्र्याला भाडं माफ आहे असा अर्थ काढू नका. कुत्रा-मांजर चालणार नाही असा त्याचा अर्थ. चालत असेल तर ‘पेट-फ्रेंडली’. ‘इंटरेस्ट-फ्री’ हप्त्यांवर फोन घेताना व्याज नसतं, पण प्रोसेसिंग फी असू शकते. पुन्हा तोच प्रश्न, कशापासून फ्री?

शेपटीला ‘लेस’ लावूनही ‘नसलेलं’ असाच अर्थ होतो, पण दोन्ही शेपट्या अदलाबदल करता येत नाहीत. ‘केअर-फ्री’ म्हणजे निश्चिंत, ‘केअरलेस’ म्हणजे निष्काळजी. एक कौतुक, दुसरा ठपका. ‘प्राइसलेस’ म्हणजे मोफत नव्हे, ज्याची किंमतच होऊ शकत नाही असं अनमोल. साधारणपणे ‘फ्री’ जोडला की नको असलेली गोष्ट गेल्याचा सुटकेचा सूर असतो. ‘लेस’मध्ये बहुधा कमतरता किंवा उणीव असते. अपवाद आहेत, पण कानाला एवढी ओळख पुरते.

पायरी 7: सोबतचे छोटे शब्द

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. आपल्याकडे ‘फ्री ऑफ कॉस्ट’ जास्त चालतं, कुणी अडणार नाही. ‘फॉर फ्री’ बोलण्यात बिनधास्त वापरा, अर्जात किंवा औपचारिक पत्रात टाळा. ‘फ्री फ्रॉम’ बहुधा त्रासदायक गोष्टींसाठी: वेदनेपासून, रोगापासून, भीतीपासून. ‘फ्री टु’नंतर क्रियापद येतं: ‘यू आर फ्री टु गो’, जायला मोकळे आहात. जास्त मोकळा म्हणायचं तर ‘मोअर फ्री’ऐवजी ‘फ्रीअर’.

‘फ्री’ आणि ‘फ्रीली’मध्ये मात्र चांगली मुलं अडखळतात. एसटीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे. आजीबद्दल सांगताना ‘शी ट्रॅव्हल्स फ्री’ म्हणा, म्हणजे तिकीट लागत नाही. ‘शी ट्रॅव्हल्स फ्रीली’ म्हणजे हवं तिथे, कुणाच्या आडकाठीशिवाय फिरते. आजीच्या बाबतीत दोन्ही खरं असलं तर उत्तमच. महिलांना 2023 पासून मिळते ती निम्म्या भाड्याची सवलत. तिला ‘फ्री’ म्हणायचं नाही, ‘हाफ फेअर’.

पायरी 8: बाजारातला आणि कागदावरचा ‘फ्री’

लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीत ‘दोनावर एक फ्री’ लागतं. इंग्रजीत तेच ‘बाय टू, गेट वन फ्री’. मराठी मांडणी मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण फुकटचा एक हा दोनांच्या डोक्यावर बसलेला आहे, हे ती लपवत नाही. शेजारी बारीक चांदणी असेल तर ‘अटी लागू’ शोधा. ‘फ्री ट्रायल’ घेताना कार्डाचा नंबर मागितला, तर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जातील असं धरून चाला आणि रद्द करण्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. हॉटेलातला नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असेल तर त्याला ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणतात. ‘फ्री’च आहे, पण सुटाबुटातला.

सरकारी आणि कायद्याच्या इंग्रजीत ‘फ्री’ फार मोजून येतो. ‘फ्री अँड फेअर इलेक्शन्स’मधला फ्री म्हणजे दबावापासून मुक्त. ‘फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन’मधला फक्त फीपासून, शाळेत जाण्यापासून सुटका नाही, म्हणून तर लगेच ‘कम्पल्सरी’ जोडलेला आहे. या जोडीशी पुण्याचा जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. 2002 च्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटासाठी तो मूलभूत हक्क झाला आणि शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. स्पर्धा परीक्षावाल्यांना हे पाठच असेल; इंग्रजी पेपरात भाषांतर करताना ‘मुक्त व सक्तीचे’ लिहू नका, ‘मोफत व सक्तीचे’.

संगणकवाल्यांसाठी शेवटचं. ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर असं मुलाखतीत सांगू नका. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये अशा सॉफ्टवेअरची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उभारण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं, आणि तेव्हापासून ते समजावत आले आहेत की हा ‘फ्री स्पीच’मधला फ्री आहे, ‘फ्री बिअर’मधला नव्हे. प्रोग्रॅम वापरायचं, त्याचा कोड वाचून बदलायचं आणि इतरांना द्यायचं स्वातंत्र्य, असा तो अर्थ. असं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकताही येतं. जे नुसतं फुकट असतं पण कोड दाखवत नाही, ते ‘फ्रीवेअर’. मुलाखत घेणाऱ्याने ‘इज फ्री सॉफ्टवेअर ऑलवेज फ्री?’ असं विचारलं, तर आधी हसा, मग विचारा: ‘फ्री इन व्हॉट सेन्स?’